भार आणि घाट

चांदीचा जुना दागिना मोडायला नेला की पेढीवर तो आधी तराजूत पडतो. कानस मारून कस पाहिला जातो, झाळ आणि मळ यांची घट धरली जाते आणि उरलेल्या वजनाला त्या दिवसाचा भाव लागतो. घडणावळ जमेस धरत नाहीत. दागिना कुणाच्या हातचा, कोणत्या गावचा, त्याची गोलाई अशीच का, हे कुणी विचारत नाही. विकणाऱ्यालाही ते सांगावेसे वाटत नाही, कारण पैसे भाराचे मिळणार असतात.

दुसऱ्या एका जुन्या चांदीचा हिशेब याच्या अगदी उलटा आहे. साधारण १९४० ते १९६० या काळात न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, कोपनहेगन अशा शहरांतल्या लहानशा कार्यशाळांत एकेकट्या कारागिरांनी जे दागिने घडवले, ते आज संग्रहालये जपून ठेवतात. त्यांत हिरे-माणके क्वचितच असतात. चांदी असते, पुष्कळदा नुसते पितळ किंवा तांबे असते. मोल ठरते ते घाटावर आणि घडवणाऱ्याच्या नावावर. या दागिन्यांची छायाचित्रे पाहताना मला दर वेळी पारनेर तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या हातापायांतली चांदी आठवते. हे साम्य वरवरचे नाही. दोन्हींच्या मुळाशी धातू हाताळायची एकच रीत आहे, आणि ती समजून घेतली तर आपल्या घरातल्या चांदीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू शकतो.

आधी परदेशातली गोष्ट. दागिन्यांच्या मोठ्या पेढीत चित्र काढणारा एक, ओतणारा दुसरा, खडे बसवणारा तिसरा आणि नाव मालकाचे असते. स्टुडिओ कारागीर ही सगळी कामे एकटा करतो. कल्पना त्याची, हातोडी त्याची, आणि बहुधा दुकानाच्या पुढच्या खोलीत बसून विकणाराही तोच. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत असे कारागीर एकाएकी पुष्कळ झाले, त्याला कारणेही होती. युद्धामुळे प्लॅटिनम दागिन्यांसाठी मिळेनासे झाले. यंत्रावर काढलेल्या नकली दागिन्यांनी बाजार भरून गेला होता. त्यातच जखमी सैनिकांना उभारी यावी म्हणून मार्गारेट क्रेव्हर या चांदीकाम करणाऱ्या बाईंनी रुग्णालयांत धातुकामाचे वर्ग सुरू करवले. पुढे १९४७ पासून त्यांनी कलाशिक्षकांसाठी चांदी घडवण्याची शिबिरे घेतली. युद्धावरून परतलेल्या तरुणांना सरकारी खर्चाने शिकता येत होते, त्यांतले काही या कामाकडे वळले. १९४६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा हे काम कलेच्या पंगतीला बसले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात आर्ट स्मिथ यांनी आपले दुकान थाटले. जमैकन आईबापांच्या पोटी क्युबात जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा कृष्णवर्णीय कारागीर. पहिल्या जागी वर्णद्वेषाचा त्रास झाला म्हणून ते जवळच दुसऱ्या गल्लीत गेले आणि तिथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. ते नृत्यसंस्थांसाठीही दागिने करत. रंगमंचावरचा दागिना लांबून दिसला पाहिजे आणि नाचणाऱ्या अंगाबरोबर हलला पाहिजे, हे त्यांच्या हातात पक्के बसले होते. त्यांची कडी मनगटावरून कोपराकडे चढत जातात, गळ्यातल्या तारा खांद्यावर उतरतात. दागिना टेबलावर ठेवला तर अर्धाच वाटतो. अंगावर चढला की पुरा होतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गारेट डी पाटा यांची सुरुवात तर एका अडचणीतून झाली. १९२९ मध्ये स्वतःच्या लग्नासाठी त्यांना मनाजोगी अंगठी बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी ती स्वतःच घडवली. हॅरी बर्टोया पुढे तारेच्या खुर्च्यांसाठी जगभर गाजले. पण युद्धकाळात धातूची टंचाई असल्यामुळे ते लहान कामांकडे, म्हणजे दागिन्यांकडे वळले होते.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते अलेक्झांडर काल्डर. हवेवर डोलणाऱ्या पत्र्या-तारांच्या शिल्पांमुळे त्यांचे नाव झाले, पण आयुष्यभरात त्यांनी सुमारे १८०० दागिने केले आणि ते सगळे हाताने. कारखान्यात त्यांच्या नकला काढू दिल्या नाहीत. त्यांची रीत अगदी थोडक्या साधनांची होती. चांदीची किंवा पितळेची तार घ्यायची, ऐरणीवर ठोकून चपटी करायची आणि वळवायची. झाळकाम ते शक्यतो टाळत. दोन तुकडे जोडायचे तर एकाचा आकडा दुसऱ्यात अडकवायचा, तारेने बांधायचे नाहीतर रिव्हेट मारायचा. हातोडीचे ठोके घासून पुसून टाकायचे नाहीत. नागमोडी आणि चक्राकार वळसा हा त्यांचा आवडता घाट. १९५५ च्या आरंभी गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादला आले, साराभाईंच्या बागेत राहिले आणि तिथेच त्यांनी शिल्पे घडवली, दागिनेही घडवले.

तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या त्या शहरात काल्डर चांदीची तार वळवत होते, त्या काळात पारनेर तालुक्यात गावचा सोनारही चांदीची तार वळवत होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. हातातला धातू मात्र एकच होता, आणि धातू आपले नियम दोघांनाही सारखेच लावतो.

जुन्या गावगाड्यात सोनाराची गणना अलुतेदारांत होई. दागिने घडवणे हे त्याचे एक काम. दुसरे काम नाण्यांची पारख, म्हणजे सारा भरताना आलेले नाणे खरे की खोटे ते पाहणे. ते करणारा तो पोतदार. शेतकऱ्याच्या हातात पीक विकून रुपये आले आणि त्यांतले काही शिल्लक राहिले, तर ते ठेवायची जागा म्हणजे बायकोचे अंग. रुपये सोनाराकडे द्यायचे आणि त्याचेच वाळे, गोठ, तोडे करून घ्यायचे. इंग्रजी अमलातला रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. त्यामुळे वजनाचा हिशेबही सोपा होता. जितके रुपये दिले, तितक्या भाराचा दागिना. आजही चांदी भारात मोजतात, फक्त भार आता दहा ग्रॅमचा झाला आहे.

या रुपयात एक गोष्ट दडलेली आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. निखळ चांदी दागिन्याला चालत नाही. ती इतकी मऊ असते की वाळा रोजच्या वापरात चेपतो. त्यात थोडे तांबे मिसळले की ती कणखर होते. पश्चिमेकडचे कारागीर वापरतात ती स्टर्लिंग चांदी शंभरात ९२.५ भाग चांदी आणि बाकी तांबे अशी असते. आणि आपल्या रुपयात चांदी किती होती? बारा भागांत अकरा, म्हणजे शंभरात ९१.७. नगर जिल्ह्यातला सोनार मुशीत जे रुपये वितळवत होता, ते न्यूयॉर्कच्या कार्यशाळेतल्या चांदीच्या जवळजवळ बरोबरीचे मिश्रण होते. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला आणि हा साठा आटला. म्हणून आजी-पणजीच्या काळातली जाड, करकरीत चांदी नंतरच्या कामात तितकी सापडत नाही.

आता एखादी वेढणी कशी होते ते पाहू. पायाच्या बोटात घालायचा हा सर्वांत साधा दागिना, तारेचे नुसते दोन-तीन वेढे. सोनार मुशीत चांदी टाकतो, वर टाकणखाराची चिमूट घालतो, कोळशाच्या शेगडीवर फुंकणीने आच वाढवतो. निखळ चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबे मिसळलेली थोडी आधीच. रस पन्हळीत ओतला की कांब तयार होते. ती ऐरणीवर ठोकायला घेतली की पहिले काही ठोके ती मुकाट्याने घेते, मग ताठर होऊ लागते. आतल्या स्फटिकांचे थर एकमेकांवर सरकून सरकून अडकलेले असतात. तरीही ठोकत राहिले तर कडेला चीर पडते. म्हणून कांब पुन्हा आचेवर धरून मंद लाल करायची, थंड करायची. स्फटिक नव्याने जुळतात आणि धातू परत मऊ होतो. ठोका, ताव, ठोका, ताव हा क्रम सुटला की काम फसते. तार पुरेशी बारीक झाली की ती जंतराच्या भोकांतून, मोठ्या भोकाकडून लहानाकडे, ओढत न्यायची. मग लोखंडी सळईवर वेढे द्यायचे आणि टोके हलकेच चेपून बोटाला न बोचतील अशी करायची. डाग नाही, झाळ नाही, फिरकी नाही. काल्डर यांच्या अंगठ्यांतला वळसा आणि ही वेढणी शेजारी ठेवली तर कारागिरी एकाच जातीची दिसते.

वाळ्याची करामत याहून पुढची. वाळा म्हणजे तोंड उघडे असलेली भरीव कांब. हातात घालताना तो किंचित फाकवायचा, मनगट आत गेले की तो आपोआप मिटतो. हे घडते कारण शेवटचा ताव दिल्यावर सोनार त्याला पुन्हा थोडा ठोकतो आणि तेवढा ताठरपणा मुद्दाम आत ठेवतो. आर्ट स्मिथ यांच्या उघड्या कड्यांतही मनगट धरून ठेवणारी शक्ती हीच आहे. ताव जास्त झाला तर वाळा ढिला पडतो, कमी झाला तर मोडतो. हे प्रमाण तापमापकावर नाही, हातावर ठरते. जुना वाळा हाती आला तर उघड्या तोंडाच्या बरोबर समोरची बाजू निरखून पहा. वर्षानुवर्षे फाकवून-मिटून तडा जायचा तर तो तिथेच जातो, आणि पुष्कळदा तिथे नंतरच्या सोनाराने दिलेली झाळ दिसते. दागिन्याचे वय आणि वापर वाचायची ही एक खात्रीची जागा आहे.

साध्या मासोळ्या पहा. बोटाच्या वेढ्यावर बसवलेला मासा दोन-चार खाचांतच मासा होतो. डोळा म्हणजे एक टिंब, शेपूट म्हणजे एक चीर. देव्हाऱ्यातले टाक पहा. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याजवळ कोरठणचा खंडोबा आहे, त्यामुळे या भागातल्या घरोघरी त्याचा टाक असतो. बोटभर पत्र्यावर घोडा, स्वार, तलवार, सोबत म्हाळसा आणि कुत्रा एवढे सगळे ठसठशीत उठावात मावलेले असते. काय गाळायचे ते नेमके ठाऊक असल्याशिवाय हे साधत नाही. युरोप-अमेरिकेतले कलावंत याच गोष्टीला आधुनिक म्हणत होते. टाक मोडीत घालायला कुणाचे मन धजत नाही, म्हणून गावच्या सोनाराचे काम टाकाच्या रूपाने तरी बरेचसे शिल्लक आहे.

हे साम्य परदेशी लोकांच्या आधी लक्षात आले. न्यूयॉर्कचे धातुकार ओपी उन्त्राख्त १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आले. पुढे त्यांनी फिनलंडच्या सारा होपेआ यांच्याशी लग्न केले. होपेआ स्वतः आधुनिक घाटाच्या चांदीकामात नावाजलेल्या होत्या. हे जोडपे १९६० च्या दशकात काही वर्षे नेपाळ आणि भारतात राहिले. उन्त्राख्त यांनी ठिकठिकाणच्या सोनारांची रीत, साधने, दागिने टिपून ठेवले आणि १९९७ मध्ये भारताच्या पारंपरिक दागिन्यांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. स्वतः हातोडी धरणाऱ्या माणसाने लिहिल्यामुळे त्यात दागिना कसा दिसतो याच्याइतकेच तो कसा होतो यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे असे काम एका माणसाने जिद्दीने केले, ते म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. साध्या घरांतल्या साध्या वस्तू त्यांनी दारोदार फिरून गोळा केल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर दागिन्यांच्या कपाटांपुढे जरा जास्त वेळ थांबा.

साम्य सांगताना फरक झाकून ठेवणे बरे नाही. आर्ट स्मिथ किंवा डी पाटा यांना वाटेल तो घाट काढायची मोकळीक होती, आणि त्यांनी केलेला दागिना घालायचा की नाही हे घालणारी ठरवत होती. आपल्या सोनाराला ती मोकळीक नव्हती. कोणत्या जातीच्या बाईने काय घालायचे, सवाष्णीने काय आणि विधवेने काय, हे आधीच ठरलेले असे. पायातले जड तोडे घालून शेतात राबणाऱ्या बाईला तो भार सोसावा लागे, हेही खरे. आणि तिच्यासाठी वजन क्षुल्लक नव्हते. घर, जमीन, बैल यांतले काही तिच्या नावावर नसताना अंगावरची चांदी तेवढी तिची होती. अडीनडीला तीच कामी येई. म्हणून भार महत्त्वाचा मानणाऱ्या त्या बायांना मी मुळीच नावे ठेवणार नाही. माझी तक्रार आजच्या आपल्या पिढीबद्दल आहे. आपल्याला बँक आहे, विमा आहे, तरी आपण जुन्या चांदीकडे केवळ भार म्हणूनच पाहतो.

पारनेरसारख्या तालुक्यात जुनी चांदी मुळातच कमी उरली आहे, आणि त्याचे कारण पाऊस. दुष्काळ पडला की आधी धान्य संपते, मग जनावरे विकली जातात आणि बायकांच्या अंगावरची चांदी सावकाराकडे जाते. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी साऱ्या पंचक्रोशीचे दागिने एकदम मोडीत निघतात आणि त्यांच्याबरोबर अनेक पिढ्यांचे घाट मुशीत जातात. नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्यावरून आत गेले की राळेगणसिद्धी लागते. या गावाने ही ओढाताण पुरेपूर भोगलेली आहे. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून परतले तेव्हा संत यादवबाबांच्या देवळाचे लाकूडदेखील दारूच्या भट्ट्यांत जळून गेलेले होते. अण्णांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून ते देऊळ उभे केले, आणि पुढे पाणी अडवण्याचे काम तिथूनच सुरू झाले. धान्य बँक निघाली, म्हणजे अडलेल्या घराला सावकाराच्या दारात न जाता धान्य मिळू लागले. सामुदायिक विवाह सुरू झाले, लग्नासाठी कर्ज काढायचे कारण कमी झाले. पाणलोटाच्या कामावर इतके लिहिले गेले, पण या दोन गोष्टींचा घरातल्या चांदीशी थेट संबंध आहे, हे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. ज्या घरावर दागिने मोडायची पाळी येत नाही, त्याच घरात आजीचा वाळा नातीपर्यंत पोचतो.

आता मात्र वेगळेच संकट आहे. गेल्या काही काळात चांदीचे भाव झपाट्याने चढले आहेत आणि जुने दागिने मोडून पैसे करण्याचा मोह वाढला आहे. नवे पैंजण तर हुपरी, राजकोट, आग्रा, सेलम इथून येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचा चांदी व्यवसाय मोठा आहे आणि त्यावर असंख्य घरे चालतात, त्याचा आदरच आहे. पण तिथे एका दागिन्याचे काम अनेक हातांत वाटलेले असते. एकाच सोनाराने, समोर बसलेल्या बाईच्या मनगटाचे माप हाताने घेऊन, पहिल्या ओतापासून शेवटच्या उजाळ्यापर्यंत घडवलेला दागिना आता नव्याने फारसा होत नाही. जे आहे ते जुनेच.

घरात असे काही असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. जुनी चांदी घासून पांढरीशुभ्र करू नये. तिच्यावर चढणारा काळा थर गंज नसतो. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो तयार होतो आणि खाचांत साचून नक्षीला उठाव देतो. आधुनिक घाटाचे कारागीर हाच काळेपणा मुद्दाम गंधकाचे द्रावण लावून आणत. रिठ्याच्या पाण्याने धुवून मऊ फडक्याने पुसले की पुरे. दुसरे म्हणजे तुटलेला वाळा-तोडा दुरुस्तीला देताना जुनी झाळ तशीच ठेवायला सांगावी, कारण तीही त्या दागिन्याच्या इतिहासाचा भाग आहे.

राळेगणसिद्धीच्या आणि पारनेर तालुक्यातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातली जुनी चांदी विकायची की ठेवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि गरज असेल तर विकण्यात काही वावगे नाही. पण मोडण्यापूर्वी तिचा मोबाइलवर फोटो काढा, पुढून आणि मागूनही. वजन लिहा. घरात त्या दागिन्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहा, तो कुणाच्या अंगावर होता आणि कोणत्या गावच्या सोनाराने घडवला, हे घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारून लिहा. शाळेतल्या मुलांनी गल्लीगल्लीत जाऊन हे केले, तर एका उन्हाळ्याच्या सुटीत गावाची वही तयार होईल. अशी वही राळेगणात तयार झाली तर ती पाहायला लोक नक्की येतील, कारण पाण्याचे काम पाहायला ते आधीपासून येतच आहेत. सोनाराचे नाव आठवणारी माणसे अजून हयात आहेत, तोवर हे काम उरकायला हवे.